'बंद' म्हणायचं नाही

पदूशेठ गेल्याची बातमी मला व्यापारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली आणि मिळूनही बराच वेळ कळली नाही. त्यांच्या मुलाने, नीलेशने, सकाळी लिहिलं होतं, 'बाबा गेले.' त्याखाली कापडवाल्या जयंतीभाईंचा रोजचा गुलाब आणि 'शुभ सकाळ'. त्याखाली कुणीतरी अंगठा दाखवलेला. मग एकाने विचारलं, 'कुठे?' दुसऱ्याने लिहिलं, 'आले की सांगा, ताडपत्री हवी होती.' यात कुणाचाच दोष नाही. पदूशेठ रोजच कुठेतरी गेलेले असायचे… महापालिकेत, वीजवाल्यांकडे, कुणाच्या तरी दुकानात भांडण सोडवायला, नाहीतर लावायला. मीही मेसेज वाचला, मनात म्हटलं, गेले असतील, आणि शटर वर केलं. शेवटी बिचाऱ्या नीलेशला खुलासा करावा लागला, 'बाबा वारले. पहाटे, झोपेत.' बापाच्या मरणाची बातमी दोनदा द्यावी लागलेला पनवेलमधला हा पहिलाच मुलगा असेल. मी होते तिथेच पायरीवर बसले. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. माझं वह्या-पेनांचं दुकान राहणार की जाणार, हा प्रश्न आमच्या दोघांमध्ये लटकत होता, त्यावरून मी त्यांच्याशी अबोला धरला होता, आणि हा माणूस अबोला न सोडवताच झोपेत निघून गेला होता.

पदूशेठ म्हणजे पद्माकर घरत. वडील मिठागरावर राबलेले, घर पलीकडे खाडीच्या अंगाला. मिठागर गेलं, शेतजमीन विमानतळाच्या बाजूला गेली, आणि गावातल्या इतरांनी बंगले बांधले तेव्हा पदूशेठनी पनवेलच्या बाजारात दोरखंड, ताडपत्री आणि घमेल्यांचं दुकान थाटलं. "बंगल्यात बसून करायचं काय? बायको काम सांगणार," असं ते त्याचं कारण द्यायचे. दुकान मुख्य रस्त्यावर आणि गोदाम आतल्या गल्लीत, माझ्या दुकानाला लागून. मधे एकच भिंत. त्यांच्या गोदामात दोरखंडाची गुंडाळी आपटली की माझ्याकडे पेनांचा स्टँड हलायचा. मी भिंतीवर पट्टी आपटायची, पलीकडून आवाज यायचा, "कलला गो बाय, कलला!" आणि पुढची गुंडाळी पहिलीपेक्षा जोरात आपटायची. आगरी माणूस एखादीला 'बाय' म्हणतो तेव्हा त्यात बहीण, मुलगी आणि शेजारीण अशा तिघी मावतात. मला मात्र पहिली काही वर्षं ती हाक ऐकली की कपाळावर आठी पडायची. वडिलांच्या मागे दुकान एकटीने चालवणारी, मराठी विषयात एम. ए. झालेली बाई मी. मला 'मॅडम' हवं होतं. त्यांच्याकडून ते कधीच मिळालं नाही.

मंडळाचे अध्यक्ष ते कसे झाले, तर दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. अध्यक्षाला महापालिकेत जाऊन बोलावं लागतं, आणि बाजारातल्या प्रत्येकाचं एखादं तरी पाऊल फुटपाथवर असल्यामुळे महापालिकेत जायला कुणाचंच पाऊल धजत नव्हतं. चिटणीस मी झाले, कारण माझ्याकडे कागद असतात. एवढा एकच निकष. मंडळाला कार्यालय नव्हतं, बैठका पदूशेठच्या गोदामात व्हायच्या आणि तिथे खुर्ची नावाचा प्रकार नव्हता. सगळ्यांनी काथ्याच्या दोरखंडाच्या गुंडाळ्यांवर बसायचं. काथ्या नवा असेल तर तो विजारीतून, सदऱ्यातून, झालंच तर स्वाभिमानातूनही टोचतो. मी एकदा सतरंजीचा प्रस्ताव मांडला, तर पदूशेठ म्हणाले, "सतरंजी टाकली ना, तर ही मानसं उठनार नाय. टोचतंय म्हनून मुद्द्यावर येतात." आणि खरंच, दोन-दोन तास गाजणारे वाद त्या गोदामात चहा यायच्या आत मिटायचे. फक्त जयंतीभाई घरून उशी आणायचे, त्यामुळे त्यांचं भाषण लांबायचं.

मंडळ म्हणजे सणासुदीला चौकात हात जोडलेल्या फोटोंचा फलक लावणारी संस्था, अशी माझी समजूत होती. पदूशेठची व्याख्या वेगळी. "मंडल म्हंजे शेजारी. फक्त त्याला लेटरहेड हाय." शेजाऱ्याने जे जे करायचं, ते ते पदूशेठ मंडळाच्या नावाने करत. सायकलवाल्या युसूफभाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं दुकान उघडं राहावं म्हणून पदूशेठनी पाळ्या लावल्या. रोज एका व्यापाऱ्याने आपलं दुकान नोकरांवर टाकून युसूफभाईंच्या गल्ल्यावर बसायचं. हेतू थोर होता, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जयंतीभाईंची पाळी आली तेव्हा चेन विकत घ्यायला आलेल्या माणसाला ते सांगत होते, "बघा तर खरं, बघायला पैसे नाही पडत," आणि त्यांनी दुकानातल्या सगळ्या ट्यूब घड्या उलगडून फळीवर पसरल्या. "ह्याच्यात दुसरा रंग दाखवू?" माझ्या पाळीला मी घंट्या आकाराप्रमाणे लावल्या आणि 'पंक्चर'ची पाटी शुद्ध केली. गिऱ्हाईक हवा भरायला आलं तर आम्हा दोघांपैकी कुणालाच पंप चालवता येत नव्हता, गिऱ्हाइकानेच भरून घेतली आणि जाताना आम्हालाच धीर दिला. युसूफभाई परत आले, दुकान फिरून पाहिलं, छातीवर हात ठेवला. आम्ही घाईने स्टूल पुढे सरकवलं. पण ते म्हणाले, "शेठ, अल्ला तुमचं भलं करो, पण पुढच्या वेळी जयंतीभाईंना नका पाठवू. सगळ्या ट्यूबांना इस्त्री केलीय त्यांनी." शटर मात्र एक दिवस खाली राहिलं नव्हतं, आणि पदूशेठला तेवढंच हवं होतं.

नेऱ्याकडून डोंगरातल्या बायका पावसाळ्यात भाज्या घेऊन येतात, टाकळा, कुरडू, शेवळं. त्यांना बसायला जागा नसायची, जिथे बसतील तिथून कुणीतरी हाकलायचं. पदूशेठनी मंडळाचा नियम करून टाकला की दुकानं उघडेपर्यंत पायऱ्या त्यांच्या. एका सराफाने पायरीवर चिखल होतो म्हणून तक्रार केली. पदूशेठ त्याच्या दुकानात गेले, आत लक्ष्मीच्या तसबिरीला ताजा हार होता. ते म्हणाले, "आतली लक्ष्मी फोटोतली हाय, भायेरची खरी हाय, तिला जरा चिखल लागतो." सराफाने त्या दिवसापासून पायरी धुवायला एक बादली ठेवली. शेवळंही घेऊन जाऊ लागला, पण ती शिजवायची कशी हे न विचारता नेल्यामुळे आठवडाभर त्याच्या घरी सगळ्यांचे घसे खाजत होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. पदूशेठच्या राज्यात 'बंद' हा शब्द बंद होता. जुन्या मराठी घरांत अशुभ शब्द टाळायची रीत असते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आणि संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आमच्या बाजारातल्या जुन्या पिढीला हे अंगवळणी पडलेलं, पण पदूशेठचा कटाक्ष जरा जास्तच. त्यांच्यासमोर कुणी "आज लवकर बंद करतो" म्हटलं की ते कानाला हात लावून "काय बोल्लास?" असं तोपर्यंत विचारत राहायचे, जोपर्यंत समोरचा शब्द बदलत नाही. मी एकदा याचं कारण विचारलं. नेहमीसारखा टोला मिळेल असं वाटलं होतं, पण त्यांनी हातातली दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बापाचा मिठागर गेला ना, तवा मुकादम येऊन एवढाच बोल्ला… बंद. बाप मानेचा घाम पुसत हुबा रायला. तो शब्द मी तवा पयल्यांदा ऐकला. मंग ठरवला, आपल्या तोंडातून नको." एवढं बोलून त्यांनी एक गुंडाळी जमिनीवर आपटली आणि विषय संपला. नंतर मीही तो शब्द त्यांच्यासमोर शक्यतो टाळायला लागले.

याच शब्दापायी एकदा आमच्या मंडळाची अशी काही फजिती झाली की अजून बाजारात कुणाला हसायचं असेल तर तोच विषय काढतात. रस्त्याखालचं गटार उपसायला महापालिकेचं मोठं यंत्र येणार होतं. गल्ली अरुंद, म्हणून शनिवारी दुपारनंतर सगळी दुकानं बंद हवी होती. मी चिटणीस या नात्याने सूचना लिहिली, 'सर्व दुकाने बंद ठेवावीत.' पदूशेठनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "बंद नाय लिवायचा." मी म्हटलं, शेठ, ही सरकारी कामाची सूचना आहे. ते म्हणाले, "सरकारचा काम सरकारचा, बाजार आपला. वाढवावीत लिव." मी लिहिलं. शनिवारचा धंदा बुडणार म्हणून लोक कुरकुरतील असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी स्वतः आणखी दोन वाक्यं घातली. अंतिम सूचना अशी झाली: 'शनिवारी दुपारनंतर सर्व व्यापाऱ्यांनी आपापली दुकाने वाढवावीत. कोणीही कचरू नये. मंडळ पाठीशी आहे.'

शनिवारी दुपारी जुन्या बाजाराने गुमान शटरं ओढली. राजस्थानी मिठाईवाल्यानेही ओढलं, कारण त्यांच्याकडेही दुकान 'बढवतात'. ज्यांना कळलं नाही, ते आपले मराठी तरुण. कामोठ्याहून येणारा, मोबाईलची कव्हरं विकणारा स्वप्नील नुकताच मंडळाचा सभासद झाला होता. आपल्या मंडळाने इतक्या उघडपणे धंदा वाढवायला सांगितलेलं पाहून त्याचा ऊर भरून आला. त्याने दोन टेबलं रस्त्यावर मांडली, वर छत्री लावली. त्याचं पाहून तयार कपड्यांच्या दुकानवाल्याने पाच पुतळे बाहेर काढून ओळीने उभे केले. कॉफीवाल्याने खुर्च्या टाकल्या. यंत्र वळणावर आलं तेव्हा अर्धा बाजार कुलपात होता आणि उरलेला अर्धा रस्त्यावर आला होता. यंत्राच्या चालकाने हॉर्न वाजवला, तर पुतळ्यांखेरीज सगळ्यांनी त्याला हात केला. एकाने तर कॉफी हवी का विचारलं.

महापालिकेचे अधिकारी नवीन बदलून आलेले होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर आमची सूचना. ते म्हणाले, "अतिक्रमण करणारे मी पुष्कळ पाहिलेत. अतिक्रमण करा, कचरू नका, आम्ही पाठीशी आहोत, असं छापून वाटणारं मंडळ पहिल्यांदा बघतोय." मी शब्दाची व्युत्पत्ती सांगायला तोंड उघडलं, पण पदूशेठनी मला हाताने थांबवलं आणि पिशवीतून एक नारळ काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता लाच दिल्याचाही आरोप होणार. "सायेब, ह्यो नारल वाढवा सांगितला तर तुमी काय कराल?"

"फोडेन."

"मंग? पानी घालून मोठा तर नाय ना करनार?"

साहेबांनी नारळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण सरकारी माणूस, त्यांनी तो आवरला आणि लेखी खुलासा काढायला सांगितलं. इथेच आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो. खुलाशात तरी 'बंद' लिहू द्या म्हणून मी पदूशेठच्या विनवण्या केल्या. नाय म्हणजे नाय. गोदामात बसून, काथ्या टोचून घेत, आम्ही जो मसुदा केला तो मी आजही पाठ म्हणून दाखवू शकते: 'मागील सूचनेतील "वाढवावीत" या शब्दाचा कोणीही "वाढवावीत" असा अर्थ घेऊ नये.' एम. ए. मराठी, प्रथम श्रेणी, आणि हे माझं वाक्य!

पुढच्या शनिवारी तरुण मंडळी घाबरून दुकानात इतकी आत सरकली की गिऱ्हाइकांना त्यांना हाका मारून बाहेर बोलवावं लागलं. आणि जुन्या व्यापाऱ्यांनी अर्थ लावला की यावेळी दुकानं वाढवायची नाहीत, म्हणजे चालू ठेवायची. जयंतीभाईंनी तर सेल लावला. यंत्र दुसऱ्यांदा परत गेलं. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः रिक्षाला भोंगा लावून बाजारात फिरले, "दुकानं वाढवा… म्हणजे बंद करा… म्हणजे ते म्हणतात तसं वाढवा…" तेव्हा कुठे गटार उपसलं गेलं. तोपर्यंत मात्र साहेब पदूशेठचे मित्र झाले होते. संध्याकाळी फोन करून विचारायचे, "काय शेठ, वाढवलं का?"

या गोंधळाचा मला झालेला फायदा सांगते. त्या सुमारास शाळांनी वह्या-पुस्तकांचे संच स्वतःच द्यायला सुरुवात केली होती, उरलेलं लोक मोबाईलवरून मागवत होते, आणि माझ्या दुकानात दिवसभरात पेनाची रिफिल मागायला दोन आजोबा यायचे, तेही मुख्यतः बोलायला. मी दुकान बंद करायचं ठरवलं आणि पदूशेठला तसं सांगायला गेले. मी 'बंद' म्हटलं की त्यांचा कान जायचा. "काय बोल्लीस?" मी पुन्हा सांगायचे, ते पुन्हा विचारायचे, शेवटी मीच चिडून परत यायचे. मग मराठी पाट्यांची सक्ती आली. सगळा बाजार पाट्या बदलायला धावला. पदूशेठनी बैठकीत जाहीर केलं, "एका शब्दापायी आपली काय गत झाली, बगितली ना? आता बायला इचारल्याबिगर कोनी पाटी लावायची नाय." मी म्हटलं, मला कुणाची दया नको. ते म्हणाले, "दया नाय गो, भीती हाय."

आणि माझं दुकान पुन्हा उभं राहिलं. उलव्यापासून लोक यायला लागले. केकवाल्याला 'ग्लॅमर' हा शब्द मराठीत हवा होता, सलूनवाल्याला 'केशकर्तनालय' सुचवलं तर तो म्हणाला, मॅडम, एवढं लिहायला माझं दुकान लांब नाही. स्वप्नीलला मी चेष्टेने 'भ्रमणध्वनी वस्त्रालय' लिहून दिलं, तर तो आनंदाने ते छापायलाच निघाला होता, धावत जाऊन परत आणावा लागला. मी नावं जुळवायची, अक्षरं मांडायची, छपाई कामोठ्याहून करून आणायची. पाट्या दुकानात मावत नसत, पायरीवर उभ्या राहत, आणि येणारा-जाणारा त्या ओलांडून जाई. छपाईचं मशीन ठेवायला जागा असती तर कामोठ्याचे हेलपाटे वाचले असते, असं मी भिंतीकडे तोंड करून रोज पुटपुटायचे. पण पाटी ही अशी वस्तू आहे की एकदा लावली की माणूस वर बघत नाही. वर्ष-दोन वर्षांत पूर ओसरला. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक बाकी राहिले. गुडघे कुरकुरायला लागले होते. एक मोबाईलवाला जागेसाठी माझ्या मागे लागला होता. यंदाची दिवाळी शेवटची, असं मी मनाशी पक्कं केलं.

सांगायला गेले तो ताडपत्रीचा हंगाम होता. दुकानात ही गर्दी. पदूशेठ हाताने ताडपत्री मापत होते, टेपवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. 'बंद' म्हटलं तर ते ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांच्याच भाषेत बोलले. "शेठ, दिवाळी झाली की मी दुकान वाढवते. कायमचं."

त्यांचे हात थांबले. "कायमचं?"

"कायमचं."

"पक्का?"

"पक्कं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले, "वाढव." आणि पुन्हा ताडपत्री मापायला लागले.

मी तिथे उभीच. भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते मी. ते काय काय म्हणतील आणि त्याला मी काय काय उत्तर देईन, सगळं रात्रभर… नाही, कित्येक रात्री जुळवलं होतं. युसूफभाईंच्या दुकानासाठी सगळ्या बाजाराला पाळ्या लावणारा माणूस माझ्या दुकानासाठी एक शब्द बोलला नाही. 'वाढव' म्हणाला, जशी काही संध्याकाळच झालीय. मला फार लागलं ते. खोटं कशाला बोलू, मला त्यांनी अडवायला हवं होतं. परत आले आणि अबोला धरला. पलीकडे गुंडाळ्या आपटल्या तरी मी भिंतीवर पट्टी मारली नाही. पदूशेठ मात्र गल्लीतून जाताना माझ्या दुकानासमोर थांबायचे, एकदा छपराकडे बघायचे, एकदा भिंतीकडे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं, जागा कुणाला द्यायची ते आतापासूनच ठरवतायत. मी खाली मान घालून पत्रिका तपासत बसायची. आणि मग तो 'बाबा गेले'चा मेसेज आला.

अध्यक्ष गेले की बाजार एक दिवस बंद ठेवायची प्रथा आहे. उपाध्यक्ष आता स्वप्नील. तो दुपारी रडवेला होऊन आला, "ताई, सूचना लिहून द्या. बंद लिहिलं तर शेठ वरून शिव्या घालतील. वाढवावीत लिहिलं तर…" त्याही अवस्थेत आम्हा दोघांना हसू फुटलं. हसता हसताच मी रडले. मग लिहिलं, 'पदूशेठ घरत आता नाहीत. उद्या कोणीही दुकान उघडू नये.' मी लिहिलेल्या सूचनेचा अर्थ कुणी विचारला नाही, असं प्रथमच घडलं. शोकसभा गोदामातच झाली, गुंडाळ्यांवर. जयंतीभाई उशी आणायला विसरले होते. काथ्या टोचत होता, तरी कुणी लवकर उठलं नाही. मी फक्त हजेरी लिहून घेतली. बोलले असते तर रागाचंच बोलले असते.

दिवसकार्य झालं. मी मोबाईलवाल्याला निरोप पाठवला की दिवाळीनंतर जागा बघायला ये. आणि परवा सकाळी, शटर वर करते तर पायरीवर एक माणूस हत्यारांची पिशवी घेऊन बसलेला. म्हणाला, मी पांडू मिस्त्री. "माप घ्याला आलोय ताई. शेठ बोल्लेले, उलव्याचा काम झाला का पयला हितं ये."

"कसलं माप?"

"दुकान वाढवायचा हाय ना तुमचा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोकंच फिरलं. मी म्हटलं, अहो, मला बंद करायचंय. बंद! तो शांतपणे म्हणाला, "शेठ बोल्ले, बाय सोताच्या तोंडानं बोल्ली, वाढवते. कायमचं. पक्का का इचारला, तर पक्का बोल्ली."

आयुष्यभर लोकांच्या शब्दांतल्या चुका काढणारी मी, मला त्या वाक्यात एक चूक सापडेना. मी तसंच म्हणाले होते. मी म्हटलं, "मिस्त्री, मला काय म्हणायचं होतं ते शेठना चांगलं माहीत होतं."

"तां बी बोल्ले. बोल्ले, बाय वरडंल. वरडून झाली का माप घे."

तेवढ्यात नीलेश आला, हातात गोदामाची किल्ली. माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "बाबांनी मला विचारलं नाही, तुम्हालाही नाही, आपण दोघं सारखेच. एवढंच सांगून ठेवलं होतं, की बायचा मशीन हितं बसंल. माझं दुकान आणि माल तसाही उलव्याला आहे, हे गोदाम मला लागत नाही, ताई." मी त्याला म्हटलं, तुझा बाप लबाड होता. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, तीन आठवडे मी त्यांच्यावर रागावून बसलेय. तो म्हणाला, मीपण. पुढे मी बरंच काही बोलले, मोठ्याने बोलले, समोरचा सराफ बादली हातात घेऊन बाहेर आला इतक्या मोठ्याने. पायरीवरच्या टाकळा विकणाऱ्या बाईने आपली टोपली जरा बाजूला घेतली.

"वरडून झाला?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही."

"मंग वरडता वरडता ह्यो टोक धरा."

त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि मला दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्याशी उभं केलं. टेप सोडत तो निघाला. माझ्या फळीवरून, दारावरून, पाट्यांवरून पुढे गेला, भिंतीपाशी पोचला. आणि थांबला नाही. "मिस्त्री," मी ओरडले, "माझं दुकान तिथे संपतं!" त्याने मागे वळून पाहिलं नाही. नीलेशने गोदामाचं शटर वर केलं, काथ्याचा वास गल्लीत आला, आणि मिस्त्री त्याच्यापुढून तसाच चालत राहिला. टेप माझ्या हाताला ओढू लागली… मी टोक सोडलं नाही.